बावखलात टाकलेली चावी

मी बावखलात टाकली ती चावी त्या कुलपाची नव्हती. ती आईच्या जुन्या ट्रंकेची होती, आणि त्या ट्रंकेचं कुलूप माझ्या लग्नाआधीच मोडीत गेलं होतं. खरी चावी तेव्हा माझ्या पँटच्या खिशात होती. माझी बायको, माझी आई आणि चार वर्षांची मुलगी बावखलाच्या काठावर उभ्या राहून पाण्यावर पसरत जाणारी वर्तुळं बघत होत्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. बायको हसली. मीही हसलो. इतक्या सहजपणे मी दुसऱ्या कुणाला कधी फसवलेलं नाही.

पण त्या दिवशीचा आनंद खोटा नव्हता. आधी तो सांगतो, म्हणजे मी असं का केलं ते कळेल.

आमची वाडी निर्मळच्या अलीकडे. केळी, थोडे चिकू, मागच्या अंगाला पानवेल. मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे त्याशिवाय वाडी पुरी होत नाही. वडिलांकडे एक एकनळी बारा बोअरची बंदूक होती, पिकाच्या रक्षणासाठी परवाना काढून घेतलेली. वानरं यायची, चिकूच्या दिवसांत वटवाघळं यायची. वडील नेम असा धरतच नसत. नळी आभाळाकडे करून एक बार काढायचे, की वानरं पलीकडच्या वाडीत पसार. मग पलीकडचे ओरडायचे, "आमच्याकडे कशाला पाठवता?"

ही बंदूक ठेवलेली असायची मधल्या खोलीच्या दारावर, दोन लाकडी खुंट्यांवर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा तांदळाच्या कोठीवर. कुलूप नाही, कडी नाही. पाहुण्यांच्या डोक्यावर बंदूक टांगलेली असायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

नव्वद साल उलटल्यावर काही वर्षांनी वडील गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि परवाना माझ्या नावावर व्हायला दीडेक वर्ष गेलं. अखेर कागद हाती आला. बंदूक घरी आणायच्या महिनाभर आधी बायकोने मला समोर बसवलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे समोर बसवणं तिला चांगलं जमतं. ती म्हणाली, "बंदूक आणा. बाबांची आहे, मी नाही म्हणणार नाही. पण आता घरात पोर आहे. बंदूक माझ्या हाताशिवाय बाहेर निघता कामा नये. तुमच्याही हाताशिवाय नको."

"म्हणजे कसं?"

"चर्चच्या दानपेटीसारखं. दोन कुलपं. एक चावी फादरांकडे, दुसरी गावातल्या माणसाकडे. फादर काय चोर असतात? पण पद्धत आहे ना."

आई भाजी निवडत होती. ती आमच्या बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की पन्नास वर्षं बंदूक खुंटीवर होती, कुणी मेलं नाही. आता सूनबाई त्या बंदुकीला चर्चमध्ये मिस्सा ऐकायला बसवणार. आम्ही तिघंही हसलो. पण मला ती कल्पना लागली. अगदी झोप उडावी अशी लागली.

कारण पत्र्याचं काम हा माझा धंदा. वसई पूर्वेला एका गाळ्यात आम्ही विजेच्या पॅनलचे खोके बनवायचो. पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग, रंग. बंदुकीसाठी तयार तिजोरी घ्यायची तर आमच्यासारख्याचं काम नव्हतं. पण गाळ्याच्या मागे एक पॅनल पडून होता, साडेपाच फूट उंच, चांगल्या जाड पत्र्याचा. मीटरच्या खिडक्या चुकीच्या जागी कापल्या गेल्या म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेला. मी मालकाला विचारलं, त्याने भंगाराच्या भावात देऊन टाकला. टेम्पोत तो खोका आडवा घालून वाडीत आणला तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो, नवी नवरी आणल्यासारखा.

पुढचे तीन आठवडे मी जमिनीवर नव्हतोच. गाळ्यातून सुटलो की सायकल दामटत घरी यायचो आणि त्याच्यापाशी बसायचो. खिडक्यांवर आतून प्लेट मारून वेल्ड केल्या. दाराच्या कडेला आतून अँगल फिरवला, म्हणजे पहार घालायला फट राहत नाही. बिजागऱ्या आत घेतल्या. दोन कोयंडे लावले, एक छातीच्या उंचीवर माझ्यासाठी, एक थोडा खाली तिच्यासाठी. आत बंदूक उभी राहायला खाचा केल्या आणि खाचांना बायकोने शाळेतल्या जुन्या डस्टरचं फेल्ट चिकटवलं. दिसायला काय सुंदर दिसत होतं! पण बंदूक आल्यावर आठ दिवसांतच नळीवर बरोबर फेल्टच्या आकाराचे तांबूस डाग आले. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा खारट, आणि कापड ओल धरून ठेवतं. म्हणजे वडील गुंडाळायचे ते लुगडंही चुकीचंच होतं. फेल्ट काढलं आणि सायकलची जुनी ट्यूब कापून लावली. गाळ्यात सुट्या भागांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या यायच्या, सगळे त्या फेकून द्यायचे. मी गोळा करून आणल्या. पंधरा दिवसांनी त्यातले दाणे गरम करून सुकवले की परत कामाला येतात. पहिल्यांदा मी आईचा भाकरीचा तवा घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि फुटका तवा दिला. "बंदुकीला वेगळी चूल पण मांड," म्हणाली.

भिंत हा खरा प्रश्न होता. घर जुनं, विटा चुन्यात बसवलेल्या. भिंतीत बोल्ट ठोकले तर नुसते फिरायचे. एक ओढ दिली की खोका भिंतीसकट हातात आला असता. मग मी भिंतीला आरपार भोकं पाडली, लांब बोल्ट घातले आणि पलीकडे लोखंडी पट्टी लावून नट आवळले. पलीकडे स्वयंपाकघर. नट नेमके मसाल्याच्या फळीवर निघाले. आईने दुसऱ्याच दिवशी एका नटावर डाव अडकवला आणि तो आजही तिथेच अडकवला जातो.

काडतुसांसाठी वेगळी छोटी कुलपाची पेटी केली, ती दुसऱ्या खोलीत, तिची चावी माझ्याकडे. शिवाय एक युक्ती मला बंदूक साफ करताना सुचली. एकनळी बंदुकीची पुढची लाकडी मूठ काढता येते. ती काढली आणि नळी सुटी केली की उरतं ते लोखंड आणि लाकूड, बंदूक नव्हे. ती मूठ आम्ही काडतुसांच्या पेटीत ठेवायचं ठरवलं. यातल्या कशालाही फारसा खर्च नव्हता. थोडं डोकं आणि चार रविवार. पाहणीला आलेल्या हवालदारांनी दोन्ही कुलपं ओढून पाहिली, खोका हलवून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठून आणलंत?"

"घरी केलंय."

"दुसरी चावी कोणाकडे?"

"बायकोकडे."

 चहा पिताना हवालदार हळूच म्हणाले, "माझ्या घरी तिसरं कुलूप लागेल, आईसाठी." त्या दिवशी माझ्याएवढा सुखी माणूस तालुक्यात नसेल.

आणि त्याच संध्याकाळी चावीचं झालं. प्रत्येक कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. माझ्या कुलपाच्या दोन्ही माझ्याकडे राहिल्या तरी हरकत नव्हती. तिच्या कुलपाची एक चावी मी तिला दिली, ती तिने रोजरीच्या माळेबरोबर पर्समध्ये ठेवली. मग तिने विचारलं, "हिची जोडीची?" मी म्हणालो, "ती आपण बावखलात टाकू." मला कुणी सुचवलं नव्हतं. आनंदाच्या भरात मीच बोलून गेलो आणि बोललो तेव्हा मनापासून बोललो. नीट बुडावी म्हणून चावीला वजन बांधायला आत गेलो. हत्यारांच्या डब्यात एक मोठा नट होता, तार होती, आणि तिथेच आईच्या ट्रंकेची चावी होती. तेवढीच लांब, तशीच पिवळट.

मी दारात उभा राहून स्वतःला काय सांगितलं ते मला स्वच्छ आठवतं. बायको शाळेत असताना वानरं आली तर? आई आजारी, ती माहेरी, आणि कुलूप उघडायची वेळ आली तर? कारणं बरी होती. पण खरं कारण ते नव्हतं. ते कपाट मी केलं होतं. ते मला हवं तेव्हा उघडता येणार नाही, हे मला सहन झालं नाही. एवढंच.

नट बुडताना मोठा आवाज झाला. मुलगी म्हणाली, "परत टाका."

खरी चावी मी वडिलांच्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवली. शनिवारी आम्ही दोघं मिळून कपाट उघडायचो, बंदूक पुसायचो, तेल लावायचो, आणि ती तिचं कुलूप लावून एकदा ओढून बघायची. मधल्या दिवसांत, कुणी नसताना, मी एकटा उघडायचो. काही करायचो नाही. दार बिनआवाजाचं फिरतं ते बघायचो आणि बंद करायचो.

तेवढ्यावर राहिलो असतो तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. पण कौतुक अंगात भिनलं होतं. बंदूक घरात कुठे आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी कपाटासमोर कपड्यांच्या कपाटाचं वाटावं असं लाकडी दार केलं होतं, आणि मीच ते येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवत होतो. निवडणूक आली की परवानेवाल्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या रांगेत माझ्या कपाटाची बातमी पसरली. निवडणुकीनंतर एका रविवारी दुपारी आगाशीहून दोघे बागायतदार आले, सख्खे भाऊ. त्यांना तसंच कपाट करून हवं होतं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, आई आत झोपली होती. मी माझी चावी काढली, चष्म्याची डबी काढली आणि दोन्ही कुलपं उघडली. नुसतं कपाट काय दाखवायचं, म्हणून लाकडी मूठ आणून बंदूक जोडूनही दाखवली. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आपल्या बायकांना दाखवू नका हे. दुसरी चावी मागतील." आम्ही तिघं खूप हसलो.

मग माप ठरवायला बाहेर आलो. फाटकाजवळ मी काठीने जमिनीवर आकृती काढली. बिजागरी आत का घ्यायची हे समजावत होतो, तेवढ्यात बायको आणि मुलगी आल्या. बायको फाटकाशी शेजारणीबरोबर बोलायला थांबली. मुलगी माझ्या बाजूने आत धावली. ती जवळून जाताना मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बिजागरीबद्दल बोलत राहिलो.

थोड्या वेळाने बायको आत गेली. मग तिची हाक आली. मोठी नव्हती. "जरा इकडे या."

कपाट सताड उघडं होतं. मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती, बंदूक तिच्या मांडीवर, आणि तिने नळीच्या तोंडाला डोळा लावला होता. "आई," ती म्हणाली, "यात रात्र आहे."

बायकोने बंदूक हळूच बाजूला घेतली. नळीत काडतूस नव्हतं. काडतुसं बंद होती. पण ते तिला उघडून बघितल्यावरच कळलं. मग तिने आपल्या कुलपाकडे पाहिलं. ते कोयंड्यावर उघडं लटकत होतं. ती म्हणाली, "मी काल लावलं नाही. ओढून बघितलं असं वाटलं मला, पण नसणार."

मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो ते हे: "माझं मी तेल घालायला उघडलं होतं. तुझं लागलेलंच असणार असं धरून चाललो. मूठही काल काढायची राहिली असणार."

ते आगाशीचे भाऊ गेले. त्यांना मी कपाट करून दिलं. पुढे आणखी पाच-सहा जणांना दिली. प्रत्येकाला सांगायचो, दोन कुलपं, दोन माणसं, चावी एकत्र ठेवायची नाही. लोक त्याला मास्तरणीचं कपाट म्हणायला लागले, कारण कल्पना तिची. ते नाव ऐकलं की ती विषय बदलायची.

तिला ओढून बघायची सवय लागली. आधी ते कुलूप, मग गॅसचं बटण, मग बाहेरचं दार, मग शाळेतलं कपाट. बसथांब्यापर्यंत जाऊन परत यायची. फाटकातून आत, कुलूप ओढायचं, पुन्हा बाहेर. एसटी निघून जायची. किती सकाळी ती पुढच्या गाडीने शाळेत उशिरा पोहोचली असेल! शाळेतल्या बाया तिला "ओढूबाई" म्हणायच्या, प्रेमानेच. घरी मीही एकदा म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "म्हणा. एकदा नाही ओढलं तर काय होतं ते मी बघितलंय."

त्या रविवारनंतर मी चष्म्याची डबी कधी उघडली नाही. पण फेकलीही नाही आणि बोललोही नाही. एका ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेलो तेव्हा फादरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, "हे तिला सांगितलंस?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग मला कशाला सांगतोस?" प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना त्यांनी दिली, मी ती म्हटली, आणि घरी येऊन जेवलो.

वर्षं गेली. आजूबाजूला बोअरवेल झाल्या, नायगावकडे इमारती चढू लागल्या, कितीतरी बावखलं मातीने भरून त्यावर भिंती उठल्या. आमचं आम्ही राखलं. दोन हजार सालानंतरच्या एका मेमध्ये आम्ही ते उपसायचं ठरवलं. गाळ केळीला सोन्यासारखा. पंप लावला, पाणी उतरलं, आणि वाडीत जत्रा भरली. शेजारची सगळी माणसं घमेली घेऊन आली. उरलेल्या डबक्यात मरळ उड्या मारत होते आणि मोठी मोठी माणसं लहान मुलांसारखी त्यांच्यामागे चिखलात लोळत होती. आई काठावर खुर्ची टाकून बसली होती आणि कुणी मासा सोडला की त्याच्या बापाच्या वेळचं सांगत होती. माझी मुलगी तेव्हा दहावीला जाणार होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. बायको साडी खोचून गाळ उचलत होती. मी तिला इतकी मोकळी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. सकाळपासून तिने एकदाही घरात जाऊन काही ओढून बघितलं नव्हतं. मी पंपाजवळ उभा होतो आणि मला नाचावंसं वाटत होतं.

"पप्पा," मुलगी ओरडली, "तुमचा नट!"

तिच्या हातात चिखलाचा गोळा होता. तिने तो पाण्यात खळबळला. नट गंजून फुगला होता, तार तशीच होती, आणि तारेला चावी. बायको तिच्या हातातून तो घेऊन माझ्याकडे आली. चावीवर काळा थर बसला होता. ती कुठल्या कुलपाची हे देवालाही कळलं नसतं. मला काही बोलायची गरज नव्हती. बायकोने ती अंगठ्याने पुसली, आणि तिचा चेहरा ओला झाला, हसत होती तरी.

"बघा," ती म्हणाली, "तुम्ही तुमचा शब्द पाळलात. चुकले ती मीच."

मी पंप बंद केला. का केला माहीत नाही, आवाज नको होता. लोक मासे पकडत होते. मी घरात गेलो. चिखलाचे पाय तसेच, आई मागून ओरडली तरी. चष्म्याची डबी काढली आणि परत आलो. डबीतली चावी अजून चकचकीत होती. ती मी तिच्या तळहातावर ठेवली, गंजलेल्या चावीच्या शेजारी. ती दोन्हींकडे बघत राहिली.

"ही कुठली?"

"तुझ्या कुलपाची. जोडीची. बावखलात टाकली ती आईच्या ट्रंकेची होती."

 मुलगी जवळ आली होती. मी तिला जा म्हटलं नाही. तिनेही ऐकायला हवं होतं.

"त्या रविवारी तू कुलूप लावलेलं होतंस," मी म्हणालो. "शनिवारी लावलंस, ओढून बघितलंस, ते लागलेलंच होतं. मी या चावीने उघडलं, लोकांना दाखवायला, आणि उघडं टाकून गेलो. आणि मग तुझ्यावर ढकललं. इतकी वर्षं तू गाड्या चुकवल्यास, मी बघत राहिलो, हसलोसुद्धा. तुझं कधीच काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."